चरबी की हाड? पेशीबाहेर पडणारी प्रथिनं

पन्नाशीच्या आसपासच्या बायका डॉक्टरांना हमखास विचारतात, "वजन तर वाढत चाललंय, पोट सुटलंय, मग हाडंच तेवढी ठिसूळ कशी झाली? अंगातलं सगळं चरबीतच जातंय का?" डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात, ड जीवनसत्त्वाची तपासणी सांगतात आणि प्रश्नाचा उत्तरार्ध तसाच राहतो. त्या उत्तरार्धात तथ्य आहे. चरबी साठवणारी पेशी आणि हाड घडवणारी पेशी एकाच प्रकारच्या मूलपेशीपासून तयार होऊ शकतात, आणि हाडांच्या पोकळीत त्या एकमेकींना खेटून राहतात. दोघीही सतत प्रथिनं बाहेर सोडत असतात. शेजारची पेशी पुढे काय होणार, भूक किती लागणार, हाड किती झिजणार, यातलं बरंच काही या प्रथिनांवर ठरतं.

१. नळीत काय असतं

रश्श्यातली नळी ताटावर आपटून ज्यांनी मगज खाल्ला आहे, त्यांनी या प्रकरणाचा विषय चाखलेलाच आहे. त्या मऊ, तुपकट मगजात बरीचशी चरबी असते. माणसाच्या हाडातही तोच प्रकार. जन्माच्या वेळी हाडांच्या पोकळ्या तांबड्या मज्जेने भरलेल्या असतात आणि तिथे रक्त तयार होतं. वय वाढतं तशी हातापायांकडून धडाच्या दिशेने ही तांबडी मज्जा पिवळी होत जाते. पिवळी म्हणजे चरबीने भरलेली. निरोगी प्रौढ माणसात मज्जेचा निम्म्याहून अधिक भाग चरबीने व्यापलेला असतो. म्हातारपणी मणक्यांतही तिचं प्रमाण वाढतं, आणि हाडं विरळ झालेल्यांत ते आणखी जास्त आढळतं.

जास्त खाल्लं म्हणून ती तिथे साठली, असं कुणालाही वाटेल. पण अनोरेक्सिया नावाच्या विकारात मुली जवळजवळ उपाशी राहतात. त्यांच्या अंगावरची चरबी झडून जाते, हाडं ठिसूळ होतात आणि मज्जेतली चरबी मात्र वाढते. ताटातलं अन्न हे याचं उत्तर असूच शकत नाही. मज्जेतल्याच काही पेशींनी हाड होण्याऐवजी चरबी होणं पत्करलेलं असतं. या पेशी कोणत्या?

२. बशीला चिकटून राहिलेल्या पेशी

त्या पेशी हाती लागल्या मॉस्कोत. अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन हे गमालेया संस्थेत काम करत. करोनाच्या काळात स्पुटनिक लशीमुळे आपल्याकडे ज्या संस्थेचं नाव झालं, तीच ही संस्था. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी प्राण्यांची मज्जा पोषक द्रवात घालून बशीत ठेवली. रक्ताच्या पेशी तरंगत राहिल्या आणि द्रव बदलताना निघून गेल्या. हजारो पेशींमागे एखादीच पेशी तळाला चिकटून राहिली. ती लांबट होती, दोन्ही टोकांना निमुळती. ती एकटी विभागत गेली आणि तिची वस्ती झाली. अशा वस्तीतल्या पेशी प्राण्याच्या शरीरात परत घातल्यावर तिथे हाड तयार झालं.

या पेशींना मेझेन्कायमल मूलपेशी हे नाव १९९१ मध्ये अमेरिकेतले अर्नोल्ड कॅप्लन यांनी रूढ केलं. आपण नुसतं मूलपेशी म्हणू. १९९९ मध्ये मार्क पिटेंजर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रौढ माणसाच्या मज्जेतल्या अशा पेशींपासून प्रयोगशाळेत चरबी, हाड आणि कूर्चा ही तिन्ही तयार होतात. एका पेशीपासून वाढवलेल्या वस्तीतूनसुद्धा ही तिन्ही मिळाली. दोन वर्षांनी लायपोसक्शनमध्ये काढून टाकलेल्या चरबीतही अशाच पेशी सापडल्या.

३. एकच दूध, दोन वाटा

पातेल्यातलं दूध एकच असतं. त्यात विरजण घातलं तर दही होतं, गरम असताना लिंबू पिळलं तर छेना होतो. मूलपेशीचंही तसंच आहे. कशाची संगत मिळते यावर तिची वाट ठरते.

प्रयोगशाळेत एका बशीत इन्सुलिन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, सांधेदुखीवरचं इंडोमेथॅसिन आणि कॅफिनच्या कुळातलं एक रसायन घालतात. दुसऱ्या बशीत तेच डेक्सामेथासोन असतं, पण जोडीला क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट पुरवणारं एक संयुग. पहिल्या बशीतल्या निमुळत्या पेशी काही दिवसांत आक्रसून गोलसर होतात. मग त्यांच्या आत चकाकणारे बारीक थेंब दिसू लागतात, ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. तीन आठवड्यांनी तेलात विरघळणारा लाल रंग घातला की सारे थेंब रंगून उठतात. दुसऱ्या बशीत बराच काळ काही घडतंय असं वाटतच नाही. नवखे संशोधक इथे धीर सोडतात. मग हळूहळू पेशींच्या मधल्या जागेत खरखरीत, अपारदर्शक डाग धरतात. ॲलिझरिन नावाचा रंग, जो पूर्वी मंजिष्ठेच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांपासून काढत, कॅल्शियमला चिकटून ते डाग लालभडक करतो. एका बशीतला लाल रंग पेशीच्या आत असतो, दुसरीतला पेशीच्या बाहेर. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण हाड घडवणाऱ्या पेशीचं मुख्य काम तिच्या बाहेरच चालतं.

पेशीच्या आत दोन नियंत्रक प्रथिनं हा निर्णय अमलात आणतात. चरबीच्या वाटेवरचं पीपार-गॅमा. १९९४ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने ते साध्या संयोजी पेशींत घातलं, तर त्या चरबीने भरल्या. हाडाच्या वाटेवरचं रन्क्स-२. १९९७ मध्ये जपानमध्ये तोशिहिसा कोमोरी आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्यात त्याचं जनुक बंद केलं आहे असे उंदीर तयार केले. पिल्लांचा सांगाडा पूर्ण आकाराचा होता, पण तो कूर्चेचा. हाड तयारच झालं नव्हतं. बरगड्या आधार देईनात, त्यामुळे जन्मताच त्यांचा श्वास थांबला. ही दोन प्रथिनं एकमेकांना दाबतात, म्हणून एक वाट धरली की दुसरी अवघड होते.

४. वर सुटलेलं पाणी

दही नीट लागलं की नाही हे कवडी न मोडता, वर सुटलेल्या पाण्याच्या चवीवरूनही कळतं. बशीतल्या पेशींवरचा द्रव तपासण्यामागे हाच विचार आहे. पेशी फोडायची नाही, तिने बाहेर काय सोडलं तेवढं पाहायचं. या सोडलेल्या प्रथिनांच्या समुच्चयाला सिक्रिटोम म्हणतात. माणसाच्या जनुकसंचात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. त्यांतल्या साधारण दहाव्या हिश्श्याची प्रथिनं बाहेर पाठवण्यासाठी असतात. अशा बहुतेक प्रथिनांच्या सुरुवातीला १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो असला की पेशी ते प्रथिन बाहेरच्या मार्गाला लावते आणि वाटेत तो तुकडा कापून टाकते. या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

द्रव तपासणं ऐकायला सोपं आहे, करायला फार कठीण. पेशी वाढवायच्या द्रवात सहसा दहा टक्के गोवंशीय गर्भाच्या रक्ताचं सीरम असतं. एक छोटा हिशेब करू. अशा एका मिलिलिटर द्रवात गाईचं अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २० लाख नॅनोग्रॅम. आपल्या पेशीने सोडलेलं एखादं प्रथिन समजा १ नॅनोग्रॅम आहे. वीस लाखांत एक शोधायचंय, आणि ते वीस लाख दुसऱ्याच प्राण्याचे. म्हणून पेशी काळजीपूर्वक धुतात, दिवसभर सीरमविना ठेवतात आणि मगच द्रव काढून घेतात.

पण सीरमविना पेशी उपाशी पडतात, काही मरतात, आणि मेलेल्या पेशीच्या पोटातली प्रथिनंही त्याच द्रवात उतरतात. सोडलेलं कोणतं आणि सांडलेलं कोणतं, हे ओळखणं हा या शास्त्रातला सर्वांत जिकिरीचा भाग. म्हणून एखाद्या शोधनिबंधात शेकडो नवी प्रथिनं सापडल्याचं वाचलं की मी आधी मेलेल्या पेशी मोजल्या होत्या का ते पाहतो. सुरुवातीचा तो तुकडा प्रथिनाच्या जनुकात आहे का, वाट बदलताना त्याचं प्रमाण वाढलं की घटलं, हेही पडताळावं लागतं.

पुढचं काम यंत्राचं. आपल्या आतड्यात अन्नातली प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन इथेही वापरतात. ते प्रथिनांचे ठरावीक जागी तुकडे करतं. मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांची वस्तुमानं अतिशय अचूक मोजतो. माणसाच्या जनुकांवरून कोणते तुकडे होऊ शकतात हे आधीच काढून ठेवलेलं असतं. मोजलेलं त्याच्याशी जुळवलं की प्रथिनाचं नाव कळतं.

या पद्धतीचा मोठा सराव झाला तो ३टी३-एल१ नावाच्या उंदराच्या पेशींवर. हॉवर्ड ग्रीन यांनी १९७४ च्या सुमारास त्या वेगळ्या केल्या. त्या चरबीच्या वाटेला आधीच लागलेल्या असतात, हाड होत नाहीत. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून देशभरच्या प्रयोगशाळा अशा पेशी मागवतात.

५. चरबी काय सोडते

वाट बदलताना सोडलेल्या प्रथिनांची यादीही बदलते. सुरुवातीला मूलपेशी भोवती धाग्यांचं जाळं विणणारी प्रथिनं सोडत असते. चरबीकडे वळल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन कमी होतं, चौथ्या प्रकारचं कोलॅजेन आणि लॅमिनिन वाढतं. त्यांचा पातळ थर प्रत्येक मेदपेशीला वेढतो. फुगत जाणाऱ्या पेशीला असा आधार लागतोच. मग खास मेदपेशीची प्रथिनं येतात. त्यांतलं ॲडिप्सिन १९८७ मध्ये सापडलं, आणि चरबी हे नुसतं कोठार आहे या समजाला तिथे पहिला तडा गेला.

त्यानंतरचं नाव लेप्टिन. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांनी ते शोधलं. चरबी किती साठली आहे हे ते मेंदूला कळवतं आणि भूक आवरतं. ज्यांच्यात ते जन्मतःच तयार होत नाही अशी मुलं फार क्वचित सापडतात. त्यांची भूक कधीच भागत नाही. इंग्लंडमध्ये अशा एका नऊ वर्षांच्या मुलीचं वजन ९४ किलो झालं होतं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर वर्षभरात ते १६ किलोंनी उतरलं. बहुतेक लठ्ठ माणसांत मात्र लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. म्हणून ते वजन घटवण्याचं सरसकट औषध होऊ शकलं नाही.

ॲडिपोनेक्टिनची तऱ्हा उलटी. चरबी वाढली की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. इन्सुलिनचं काम सोपं करणारं हे प्रथिन असल्याने ही घट मधुमेहाकडे नेणारी ठरते. दोन्हींच्या प्रमाणांतलं अंतर पाहा. माणसाच्या शरीरात सुमारे ३ लिटर प्लाझ्मा असतो. ॲडिपोनेक्टिन दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम धरलं तर एकूण ३० मिलिग्रॅम होतं. लेप्टिन दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम धरलं तर एकूण ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे हजार पटींनी कमी. तरी भुकेवर हुकमत त्या इवल्याशा लेप्टिनची. प्रथिन किती आहे यावरून त्याचं महत्त्व ठरवता येत नाही.

चरबी किती आणि कुठे, हा प्रश्न आपल्याकडे विशेष जिव्हाळ्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पोटातले अवयव लहान भरले, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो लॅन्सेट नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच ठरवत होता.

६. हाड काय सोडतं

हाडाच्या वाटेला लागलेली पेशी सर्वांत जास्त सोडते ते पहिल्या प्रकारचं कोलॅजेन. हाडातल्या प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के हेच. ते पेशीतून बाहेर पडतं तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना जास्तीचे भाग असतात. बाहेर आल्यावर ते कापले जातात आणि उरलेले दांडे एकमेकांना जुळून धागा होतो. कापलेला एक भाग रक्तात उतरतो. त्याचं नाव पी१एनपी. हाडांचे डॉक्टर रक्ताच्या तपासणीत हे नाव लिहितात, ते एवढ्याचसाठी: नवं हाड किती वेगाने घडतंय याचा अंदाज त्यावरून येतो. पेशीबाहेर पडलेली एक कातरण थेट आपल्या रिपोर्टवर येते, हे मला फार विलक्षण वाटतं.

दुसऱ्या बशीत क जीवनसत्त्व का लागतं हेही इथे उलगडतं. कोलॅजेनचे तीन पदर घट्ट वळले जाण्यासाठी त्यातल्या अमिनो आम्लांवर एक रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते. ती क जीवनसत्त्वाविना होत नाही. महिनोन् महिने ताजी फळं न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं आणि जुन्या जखमा उकलायच्या, त्याचं कारण हेच.

कोलॅजेनच्या पाठोपाठ ऑस्टिओनेक्टिन, ऑस्टिओपॉन्टिन आणि बरंच उशिरा ऑस्टिओकॅल्सिन बाहेर पडतं. ऑस्टिओकॅल्सिन दिसलं म्हणजे पेशी मुक्कामाला पोचली असं समजतात. २००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जेरार कार्सेंटी यांच्या गटाने मांडलं की हे प्रथिन रक्तातून स्वादुपिंडापर्यंत जातं आणि इन्सुलिन वाढवतं. २०२० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर नव्याने तयार केले, तर त्यांची साखर ठीकच होती. वाद अजून मिटलेला नाही.

हाड झिजवणाऱ्या पेशींचं कूळ वेगळं, त्या रक्ताच्या घराण्यातल्या. पण त्यांना तयार करणारा संदेश, रँकल, हाड घडवणाऱ्या कुळातल्याच पेशी देतात. त्याच कुळातल्या पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं दुसरं प्रथिनही सोडतात. ते रँकलला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम अडवतं. हाड किती झिजणार हे या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि पारडं रँकलकडे झुकतं. डेनोसुमॅब हे २०१० पासून वापरात असलेलं औषध रँकल अडवणारं प्रतिपिंड आहे. ते मनाने मध्येच बंद केलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन राहून गेलं, असं इथे होऊ देऊ नये.

७. शेजारणीची वाट बदलणारी प्रथिनं

दह्याचा एक चमचा दुसऱ्या पातेल्यातलं दूधही लावतो. सोडलेली प्रथिनं शेजारच्या पेशींवर नेमकं हेच करतात. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मार्शल उरिस्ट यांनी हाडातले क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत बसवला. तिथे, स्नायूच्या मधोमध, नवं हाड धरलं. त्या सांगाड्यात अडकून राहिलेल्या प्रथिनांचं ते काम होतं. त्यांना बीएमपी म्हणतात. ती शुद्ध करण्याच्या कामात भारतातून अमेरिकेत गेलेले ए. हरी रेड्डी यांचा मोठा वाटा आहे. त्यांतलं बीएमपी-२ हे २००२ पासून अमेरिकेत मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत वापरलं जातं.

विन्ट नावाच्या प्रथिनांचा गट मूलपेशीला चरबीपासून परावृत्त करून हाडाकडे वळवतो. त्यांना अडवणारी प्रथिनंही शरीरातच असतात. हाडात खोल गाडल्या गेलेल्या पेशी स्क्लेरोस्टिन सोडतात, ते अशांपैकीच. दक्षिण आफ्रिकेतल्या काही डच वंशाच्या कुटुंबांत हे प्रथिन जन्मतः तयार होत नाही. त्यांची हाडं इतकी दाट होतात की सहसा मोडत नाहीत, पण कवटी जाड होऊन नसा दाबल्या जातात. त्यामागचं जनुक २००१ मध्ये सापडलं आणि २०१९ मध्ये स्क्लेरोस्टिन अडवणारं रोमोसोझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. महिन्यातून एकदा, असं वर्षभर ते देतात. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांना ते देत नाहीत.

उलट दिशेचा धडा मधुमेहाच्या औषधांनी दिला. ग्लिटाझोन गटातली औषधं थेट पीपार-गॅमाला चालना देतात. साखर उतरते, इन्सुलिनचं काम सुधारतं, ॲडिपोनेक्टिन वाढतं. पण मज्जेतल्या मूलपेशींनाही तोच हुकूम पोचतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडॉप्ट या मोठ्या चाचणीत रोझिग्लिटाझोन घेणाऱ्या ९.३ टक्के स्त्रियांची हाडं मोडली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.१ टक्के होतं, ग्लायब्युराइड घेणाऱ्यांत ३.५ टक्के. रोझिग्लिटाझोनवर भारतात २०१० मध्ये बंदी आली, पण ती हृदयावरच्या परिणामांमुळे. त्याच गटातलं पायोग्लिटाझोन आजही आपल्याकडे वापरात आहे. घरात कुणी साठीच्या पुढच्या बाई ते घेत असतील, तर हाडांची घनता तपासावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

८. बाटलीत भरलेल्या मूलपेशी

मूलपेशी टोचल्यावर काही रुग्णांना गुण येतो, पण टोचलेल्या पेशी शरीरात फार काळ टिकत नाहीत. तेव्हा गुण त्यांनी सोडलेल्या प्रथिनांचा असावा, असं आता बहुतेक संशोधक मानतात. मग पेशी कशाला, नुसता द्रवच द्यावा, या विचाराने जगभर चाचण्या चालू आहेत. त्या संपण्याआधीच गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर अशी इंजेक्शनं विकणारी दुकानंही उघडली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

अशी बाटली कुणी पुढे केलीच, तर चार गोष्टी विचाराव्यात. पेशी कोणाच्या आणि शरीराच्या कोणत्या भागातल्या होत्या? द्रवात कोणती प्रथिनं आहेत आणि किती, हे मोजलंय का? गाईचं सीरम पूर्ण काढलंय का? आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? भारतातल्या चाचण्यांची नोंदणी सीटीआरआयच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, क्रमांक टाकला की चाचणी कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली चालली आहे ते समोर येतं.